बांबूची कामटी आणि सीटीवरचे काळे ठिपके

डोळ्याच्या खोबणीत शिरलेले लाकूड साध्या एक्स-रेत दिसत नाही, हे मी कुठेतरी वाचले होते. सीटी स्कॅनमध्ये ते समोर दिसत असूनही ओळखले जात नाही, असेही घडू शकते, हे मात्र मला स्वतःच्या डोळ्यावरून कळले. माझी सारी नोकरी पॉलिटेक्निकमध्ये अभियांत्रिकी आरेखन शिकवण्यात गेली. वस्तूचे छेद कुठून घ्यायचे, तिरकी रेषा कोणत्या प्रतलावर आखूड दिसते आणि तिची खरी लांबी काढायची कशी, हे मी मुलांच्या कितीतरी तुकड्यांना शिकवले आहे. त्यामुळे पुढे जे घडले त्यातला वैद्यकीय भाग मी डॉक्टरांकडून समजून घेतला असला, तरी भूमितीचा भाग कोणी समजावून सांगण्याची वेळ आली नाही, आणि हा अनुभव लिहून काढावासा वाटला तो मुख्यतः त्या भूमितीमुळेच.

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या परिसरात जी मराठी घरे अजून टिकून आहेत, त्यांतल्या काही घरांत दिवाळीचा आकाशकंदील विकत आणण्याऐवजी घरीच करतात. आमचे घर त्यांपैकी एक. बांबू उभा चिरून कामट्या काढायच्या, त्या सुरीने तासून सारख्या करायच्या, दोऱ्याने सांगाडा बांधायचा आणि त्यावर पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा, असा हा बेत दोन संध्याकाळी चालतो. या वेळचा बांबू चांगला खडखडीत वाळलेला होता. कामटीचे एक टोक भाच्याने धरले होते आणि दुसरे वाकवून मी गाठ मारत होतो, तेवढ्यात ती मधेच मोडली. भाच्याच्या हातातल्या अर्ध्या भागाचे मोडके टोक उसळले आणि माझ्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत, नाकाकडच्या कोपऱ्याजवळ घुसले. त्याने दचकून हात मागे घेतला, त्यासरशी कामटीही बाहेर आली. ती जशी आत गेली तशी सगळीच्या सगळी बाहेर आली, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो.

जखम पाहून घाबरावे असे तीत काही नव्हते. लांबी फार तर चार मिलिमीटर, रक्त जेमतेम चार-दोन थेंब आणि दृष्टी पूर्ववत स्वच्छ. माझी बहीण निवृत्त परिचारिका आहे. तिने मला डोळा चोळू दिला नाही, त्यावर पाणी मारू दिले नाही आणि कोणी आणून दिलेली पट्टीही बांधली नाही. त्याऐवजी कागदी पेल्याचा तळ कापून, त्याची कड वर भुवईच्या हाडावर आणि खाली गालाच्या हाडावर टेकेल अशा बेताने, तिने तो डोळ्यावर चिकटपट्टीने बसवला. नेत्रगोल फुटला आहे की नाही हे डॉक्टर पाहीपर्यंत त्याच्यावर कसलाही दाब येता कामा नये, आणि भूल देण्याची वेळ आलीच तर पोट रिकामे असावे म्हणून तोंडात पाण्याचा घोटही जाता कामा नये, एवढे बोलून तिने रिक्षा बोलावली.

जवळच्या नेत्रतज्ज्ञांनी दिव्याखाली डोळा तपासला. नेत्रगोल शाबूत होता, बुबुळावर ओरखडा नव्हता, बाहुली उजेडाला नीट प्रतिसाद देत होती. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, एक्स-रे निघाला आणि त्यात काही आढळले नाही. आढळण्याची शक्यताही फारशी नव्हती, कारण साध्या एक्स-रेत धातू ठळक दिसतो, काच बहुधा दिसते, पण वाळक्या लाकडातून किरण जवळजवळ न अडता पार होतात. डॉक्टरांना याची कल्पना होती, म्हणूनच त्यांनी चिठ्ठीवर सीटी स्कॅन लिहून दिला. ती चिठ्ठी घेऊन आम्ही रात्रीच एका खासगी तपासणी केंद्रात पोहोचलो.

त्या केंद्रात जे झाले त्याबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती यंत्राबद्दल नाही. चिठ्ठीवर घाईघाईच्या अक्षरात ‘डाव्या डोळ्याला इजा’ एवढेच लिहिलेले होते. काय लागले, हे केंद्रातल्या कोणीही मला विचारले नाही. नाव, वय, मधुमेह आहे का आणि पैसे रोख की कार्डाने, एवढेच प्रश्न झाले. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा जसा करतात तसा पाच-पाच मिलिमीटर जाडीच्या छेदांचा स्कॅन झाला. अहवालात लिहिले होते की हाड मोडलेले नाही, नेत्रगोल व्यवस्थित आहे, आणि खोबणीच्या आतल्या भिंतीलगत हवेचे छोटे कप्पे दिसतात, तेव्हा शेजारच्या सायनसला न दिसणारी बारीक चीर गेली असण्याची शक्यता आहे. हे वाचायला तर्कशुद्धच वाटते. खोबणीची नाकाकडची भिंत ०.२ ते ०.४ मिलिमीटर इतकी पातळ असते, तिच्या पलीकडे हवेने भरलेल्या पोकळ्या असतात आणि भिंत तडकली की हवा खोबणीत झिरपते, हे खरेच आहे. म्हणून मला प्रतिजैविके देण्यात आली, आणि जोराने नाक शिंकरल्यास आणखी हवा आत शिरेल म्हणून नाक शिंकरू नका, असे बजावण्यात आले. मीही दिवाळीभर सर्दी होऊ नये म्हणून थंड काही खाल्ले नाही.

सूज ओसरली आणि पाडव्यानंतर पुन्हा चढली. भरून आलेल्या जखमेच्या जागेतून पिवळसर पाणी येऊ लागले, आणि उजवीकडे पाहिले की घड्याळाच्या दोन तबकड्या दिसू लागल्या. बहिणीने हे ऐकले आणि ती मला थेट शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. तिथल्या नेत्रशल्यचिकित्सकांनी जखम पाहिली आणि पापणीची जखम आठवडा उलटूनही पाझरत असेल तर आत काहीतरी राहिले आहे असे धरूनच चालायचे असते, असे सांगून मला जिन्याने खाली क्ष-किरण विभागात पाठवले. त्यांनी तिथे स्वतः फोनही केला, याचे महत्त्व मला नंतर उमगले.

रेडिऑलॉजिस्ट डॉक्टरबाई गुजराती होत्या, पण मराठी समजत होत्या, आणि आमचे बोलणे दोन्ही भाषांत मिसळून चालले. माझ्या हातातल्या फाइलला हात न लावता त्यांनी पहिला प्रश्न केला, “काका, शुं वाग्युं हतुं?” (काय लागलं होतं?) मी बांबू म्हणताच प्रश्नांची रांग लागली. ओला होता की वाळलेला, रंग लावलेला होता का, जाडी किती, टोक सरळ तुटलेले होते की तंतू सुटलेले, कोणत्या दिशेने आला आणि तेव्हा मी उभा होतो की बसलेला. शेवटी त्यांनी विचारले की ती मोडकी कामटी घरात आहे का. भाच्याने ती अपशकुनी म्हणून माळ्यावर फेकली होती. फोन केल्यावर तो तीही घेऊन आला आणि त्याच जुडीतली एक न मोडलेली कामटीही. मोडक्या टोकाकडे त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिले. तिथे एका बाजूची लांबट ढलपी निघून गेलेली होती आणि तिची जागा पांढुरकी, ताजी दिसत होती.

मग त्यांनी जुनी सीडी संगणकात घातली. केंद्राने आम्हाला फिल्म आणि अहवाल दिला होता. सीडी बहिणीने मागून घेतली म्हणून मिळाली. फिल्मवर चित्र एकदा छापले की त्यातला काळा तो काळा, पण सीडीवर चित्राच्या प्रत्येक ठिपक्यामागे एक आकडा साठवलेला असतो आणि चित्रात दिसते ते त्या आकड्यांना दिलेले राखाडी रंग असतात. त्या जागी क्ष-किरण किती अडले हे हा आकडा सांगतो. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, चरबीला साधारण उणे १००, स्नायूला ५० च्या आसपास आणि घट्ट हाडाला हजार किंवा त्याहून अधिक. या मोजमापाला गॉडफ्री हौन्सफील्ड यांचे नाव आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला तो त्यांच्या यंत्रावर, आणि १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅक यांच्यासह त्यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, ईएमआय कंपनीतले अभियंते होते, ही गोष्ट वर्गात सांगायला मला फार आवडत असे.

माणसाच्या डोळ्याला राखाडीच्या काही डझन छटाच वेगळ्या ओळखता येतात, त्यामुळे हजारो आकड्यांपैकी कोणत्या पट्ट्याला त्या छटा वाटायच्या हे पाहणाऱ्याला ठरवावे लागते. या पट्ट्याला विंडो म्हणतात. मऊ भाग पाहण्यासाठी पट्टा साधारण ४०० आकड्यांचा ठेवतात आणि त्याचा मध्य ४० वर, म्हणजे उणे १६० पासून अधिक २४० पर्यंत. उणे १६० च्या खालचे सगळे सरसकट काळे. वाळक्या लाकडाचा आकडा उणे दोनशे-तीनशे-चारशे असा कुठेतरी असतो आणि हवेचा उणे १०००; या विंडोत दोघेही सारखेच काळे दिसतात. अहवाल लिहिणाऱ्याच्या पुढ्यात हे चित्र होते, बांबू शब्द कुठेही लिहिलेला नव्हता, आणि खोबणीत काळे दिसले तर ती हवा, हा सरावाचा निष्कर्ष होता. तो माणूस अडाणी होता असे मला वाटत नाही. त्याला अपुरा प्रश्न दिला गेला होता आणि त्याने तो पुरा करून मागितला नाही.

डॉक्टरबाईंनी विंडो बदलून फुफ्फुसे पाहण्यासाठी वापरतात तशी केली, मध्य उणे ६०० आणि रुंदी १५००. पडद्यावर चित्र धुवून काढल्यासारखे फिकट झाले. नाकाशेजारच्या सायनसमधली हवा गडदच राहिली, आणि भिंतीच्या अलीकडचे ठिपके मात्र उजळून राखाडी झाले. दोन्ही गोष्टी एकाच चित्रात, एकमेकींपासून दोन-तीन मिलिमीटरवर होत्या. माझ्या दृष्टीने प्रश्न तिथेच सुटला होता, पण त्यांनी मान हलवली. छेद पाच मिलिमीटर जाडीचा असताना दोन मिलिमीटर जाडीची वस्तू त्यात आली, तर यंत्र वस्तू आणि तिच्याभोवतीची चरबी यांची सरासरी काढून एकच आकडा देते. त्यामुळे तिथला उणे १८० हा आकडा लाकडाचा आहे की चरबीत मिसळलेल्या हवेच्या बुडबुड्याचा, हे त्या स्कॅनवरून शपथेवर सांगता येणार नव्हते. मूळ माहितीतून पातळ छेद पुन्हा बनवता आले असते, पण ती माहिती यंत्रात काही दिवसच राहते, आणि केंद्राकडे फोन केल्यावर ती पुसली गेल्याचे कळले.

आकड्यांनी जे ठरले नाही ते आकाराने बरेचसे ठरवले, आणि इथे मी खुर्ची पुढे ओढली. ठिपके तीन होते, लागोपाठच्या तीन छेदांवर. वरून खाली येताना प्रत्येक पुढच्या छेदात ठिपका थोडा मागे सरकलेला, आणि सरकण्याचे अंतर दर वेळी जवळपास तेवढेच. काकडीत तिरकी काडी खुपसून तिच्या चकत्या केल्या, तर प्रत्येक चकतीवर काडीचा एक लांबट ठिपकाच दिसणार, काडी कुठल्याच चकतीवर दिसणार नाही. आडव्या छेदांची चळत पाहणाऱ्याला माझ्या खोबणीत तीन सुटे कप्पे दिसले, कारण जी वस्तू त्यांना जोडत होती ती कोणत्याही एका चित्राच्या प्रतलात नव्हती. हवा पेशींच्या सांदीकोपऱ्यांत पसरते, तिच्या कडा वाटोळ्या आणि बेशिस्त असतात. ती समान अंतरांवर, एका सरळ रेषेत उभी राहत नाही. डॉक्टरबाई हे मला सांगत असताना मी खिशातल्या कागदावर तिन्ही ठिपक्यांचे प्रक्षेप काढत होतो, आणि त्यांनी ते पाहून काही न बोलता पेन पुढे केले, कारण माझ्या पेन्सिलीचे टोक तुटले होते.

त्यांच्या चित्रांची एक रीत मला आधी चकवून गेली, तीही नोंदवून ठेवतो. आडवा छेद ते रुग्णाच्या पायांच्या बाजूने पाहतात, म्हणून माझा डावा डोळा पडद्यावर उजवीकडे येतो.

दुसऱ्या स्कॅनला मी थोडा कचरलो, कारण डोळ्यातले भिंग किरणोत्साराला नाजूक असते हे बहिणीकडून ऐकले होते. डोक्याच्या एका सीटीचा डोस साधारण २ मिलिसिव्हर्ट धरतात, आणि जमीन, अन्न, आकाश यांतून माणसाला वर्षाकाठी मिळणारा डोस जगभराच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्टच्या घरात आहे. सडणारे लाकूड खोबणीत ठेवण्याचा धोका त्यापुढे कितीतरी मोठा, असे डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले. या वेळी छेद अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, फक्त खोबणी आणि तिच्या वरचा मेंदूचा भाग. डोके पट्ट्याने स्थिर केले, आणि डोळे हलू नयेत म्हणून छतावरच्या एका खुणेकडे पाहत राहायला सांगितले. स्कॅन सुरू होण्याआधी तंत्रज्ञाने भाच्याने आणलेली धड कामटी माझ्या कानशिलाशेजारी स्पंजवर ठेवली, तिरकी, जखमेतल्या अंदाजी कोनातच. सारे काही सेकंदांत उरकले.

कोरड्या कामटीचा आकडा उणे ३५० ते ४०० निघाला आणि खोबणीतल्या तुकड्याच्या गाभ्याचा उणे २०० ते २५०. ही तफावत पाहून मी बुचकळ्यात पडलो, डॉक्टरबाईंना मात्र ती अपेक्षितच होती. लाकडाच्या पोकळ नळ्यांमध्ये सुरुवातीला हवा असते. शरीरात राहिल्यावर तिच्या जागी पाणी शिरते आणि आकडा वर चढतो. आणखी काही आठवडे गेले असते तर तो चरबीच्या आकड्याला येऊन मिळाला असता आणि तुकडा चरबीतच दिसेनासा झाला असता, पुढे स्नायूइतका झाला असता. हिरव्या, ताज्या फांदीचा तुकडा तर पहिल्या दिवसापासूनच मऊ भागांसारखा दिसू शकतो. म्हणून ओला की वाळलेला हा त्यांचा प्रश्न होता. एक साधा कालमापनाचा मुद्दाही त्यांनी दाखवला. हवा असती तर ती एव्हाना शोषली जाऊन कमी व्हायला हवी होती, आणि तो आकार तर जसाच्या तसा होता.

नंतर त्यांनी संगणकात एक नवे प्रतल फिरवत फिरवत कामटीच्या रेषेला समांतर आणले. प्लॅन, एलिव्हेशन आणि साइड व्ह्यू (वरून, समोरून आणि बाजूने काढलेली चित्रे) या तिघांतही आखूड दिसणाऱ्या तिरक्या रेषेची खरी लांबी काढायला आम्ही सहाय्यक प्रतल घेतो, अगदी तेच. ठिपके हळूहळू लांबत गेले, एकमेकांना मिळाले आणि पडद्यावर दोन समांतर कडांची, पुढे निमुळती होत गेलेली एक काडी आडवी झाली. लांबी १८ मिलिमीटर, जाडी दोनहून किंचित कमी. समांतर कडा निसर्गतः खोबणीत असण्याचे कारण नाही, असे त्या म्हणाल्या, आणि मोजमापाच्या रेघा ओढून त्यांनी चित्र जतन केले.

तुकडा आहे हे ठरल्यावर तो कोणाच्या शेजारी आहे हे पाहायचे होते. सात हाडांनी बनलेल्या खोबणीचे घनफळ प्रौढ माणसात सुमारे ३० घन सेंटिमीटर असते, तीत नेत्रगोल जेमतेम सातएक घन सेंटिमीटर जागा घेतो आणि उरलेल्या जागेत स्नायू, नसा, रक्तवाहिन्या आणि चरबी असते. खोबणीचा आकार मागे निमुळता होत जातो, त्यामुळे मागे गेलेली टोकदार वस्तू आपोआप दृष्टीच्या नसेकडे आणि तिच्या शेजारच्या फटीकडे वळते, आणि त्या फटीच्या पलीकडे मेंदूतल्या शिरांचे जाळे आणि त्यातून जाणारी मोठी रोहिणी असते. वरचे छतही पातळ असल्याने पापणीवरची क्षुल्लक दिसणारी जखम मेंदूपर्यंत पोहोचलेली असू शकते. डॉक्टरबाईंनी छताचे हाड उभ्या छेदांत मिलिमीटर-मिलिमीटरने पाहिले. माझा तुकडा खाली उतरलेला होता, आतल्या बाजूचा स्नायू आणि भिंत यांच्या मधोमध, आणि त्याचे टोक दृष्टीच्या नसेच्या बोगद्यापासून दीडएक सेंटिमीटर अलीकडे थांबलेले होते. ते मागच्या फटीकडे गेले असते तर रक्तवाहिन्यांचा वेगळा स्कॅन करावा लागला असता. ती पाळी आली नाही. सोनोग्राफी का केली नाही, असे मी विचारले, तेव्हा नेत्रगोल फुटल्याची शंका असेपर्यंत डोळ्यावर यंत्र टेकवायचे नसते, आणि इतक्या खोल जागी तिचा उपयोगही बेताचाच, असे उत्तर मिळाले.

शल्यचिकित्सकांना पू किती पसरला आहे हे पाहण्यासाठी एमआरआय हवा होता. लाकडासाठी एमआरआय चांगला, तर तो आधीच का नाही, हा माझा प्रश्न मला रास्त वाटत होता. त्याचे कारण एमआरआय यंत्रातला शक्तिशाली चुंबक. डोळ्यात लोखंडाचा कण असेल तर तो त्या क्षेत्रात हलू शकतो. धातूकाम केलेल्या एका रुग्णाच्या डोळ्यात कोणालाच माहीत नसलेला कण होता आणि एमआरआयदरम्यान आत रक्तस्राव होऊन त्याची त्या डोळ्याची दृष्टी गेली, असे प्रकरण १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून त्या खोलीबाहेरच्या अर्जावर डोळ्यात कधी धातू गेला होता का, हा प्रश्न असतो. कार्यशाळेत ग्राइंडरशेजारी मी अर्धे आयुष्य काढलेले, तेव्हा नाही असे छातीठोकपणे लिहिणे मला शक्य नव्हते. पण पातळ छेदांच्या सीटीत मिलिमीटरहून लहान धातूही चमकून उठतो, आणि माझ्या दोन्ही खोबण्यांत तसे काही नव्हते. डॉक्टरबाईंनी तसे लिहून सही केल्यावरच मला आत घेतले.

मूत्रपिंडाची रक्ततपासणी झाली, हातात सुई लागली, आणि त्या बोगद्यात मला बराच वेळ ठोके ऐकत पडून राहावे लागले. निम्म्या वेळानंतर गॅडोलिनियमचे औषध शिरेतून दिले. निकालात तुकडा सर्व प्रकारच्या चित्रांत काळाच राहिला, आणि चरबीचा उजेड दाबून काढलेल्या चित्रांत त्याच्याभोवती औषधाने उजळलेले कडे दिसले, म्हणजे शरीराने त्याला कोंडून घालायला सुरुवात केली होती. त्या कड्याच्या मागच्या टोकाला आणखी एक बारीक, तंतूसारखी काळी रेघ वेगळी दिसत होती. सीटीत ती कोणाच्या ध्यानात आली नव्हती. बांबू तंतूंनी सुटतो, म्हणून आत एक नाही दोन गोष्टी शोधा, असे डॉक्टरबाईंनी शल्यचिकित्सकांना फोनवर सांगितले, आणि अहवालातही तसेच लिहिले.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन झाली, त्यामुळे तिच्याविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातल्या मांसल भागामागून वाट काढून, तुकडा ज्या रेषेत शिरला त्याच रेषेत तो मागे घेतला. आडवा ओढला असता तर तो मोडला असता. सलाइनमध्ये ठेवलेला तो तुकडा मला नंतर दाखवला. पट्टी धरून मोजला तर १७ मिलिमीटर भरला, भिजून गडद तपकिरी झालेला, एका बाजूला बांबूची गुळगुळीत साल तशीच. भाच्याने मोडक्या कामटीवरच्या रिकाम्या जागेशी तो ताडून पाहिला आणि पुढच्या टोकाला एक मिलिमीटर कमी भरतो हे दाखवले. तोच सुटा तंतू. तो वेगळ्या कुपीत होता. दोन्ही तुकडे प्रयोगशाळेत गेले, कारण वनस्पतीच्या पदार्थाबरोबर बुरशीही आत जाऊ शकते. बुरशी आली नाही, जिवाणू आले, आणि त्यानुसार औषध बदलले.

शस्त्रक्रियेनंतर काही मागे राहिले नाही हे पाहण्यासाठी मर्यादित भागाचा सीटी झाला. त्यात त्याच जागी पुन्हा काळे दिसले तेव्हा माझा चेहरा उतरलेला डॉक्टरबाईंना दिसला असावा. त्यांनी विंडो बदलली. काळे काळेच राहिले, आकडा हवेच्या जवळपास, कडा वेड्यावाकड्या. शस्त्रक्रियेत आत गेलेली ती खरीखुरी हवा होती. या वेळच्या चिठ्ठीवर काय लागले, कधी लागले, काय काढले आणि काय शोधायचे आहे, हे शल्यचिकित्सकांनी चार ओळींत लिहिले होते.

पाझर थांबला, सूज गेली आणि वाचन पूर्वीसारखे सुरू झाले. उजवीकडे अगदी टोकाला पाहिले की अजून दोन दिसतात. त्यासाठी हेस चार्ट नावाची तपासणी होते. दोन्ही डोळ्यांच्या हालचाली दोन चौकटींच्या जाळ्यांवर वेगवेगळ्या नोंदवतात आणि जो डोळा ज्या बाजूला कमी वळतो त्याची आकृती त्या बाजूला आक्रसलेली दिसते. माझ्या डाव्या डोळ्याची आकृती उजव्या अंगाला दबलेली आहे आणि दर भेटीत थोडी भरत चालली आहे. चष्म्यात प्रिझम लावायचा की स्नायूवर काही करायचे, हे निदान सहा महिने थांबून, आकृती स्थिर झाल्यावर ठरवू, असे डॉक्टरांचे मत आहे. तोवर स्कूटर भाच्याकडे दिली आहे.